न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे



राजाने पाप केले असता ते त्याच्या तोंडावर सांगणारा मनुष्य विरळा. पवित्र शास्त्रातही असे पुरुष थोडेच आढळतात. दावीद राजाने उरीयाचा घात करविला तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्यापुढे उभा राहिला. अहाब राजाने नाबोथाचा द्राक्षमळा बळकाविला तेव्हा एलीयाने त्याच मळ्यात त्यास गाठले. हेरोदाच्या घरातील अधर्म बोलून दाखविल्यामुळे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानास आपले मस्तक द्यावे लागले. ह्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु आपल्या महाराष्ट्र देशातही सुमारे अडीचशे वर्षांमागे असा एक पुरुष होऊन गेला, आणि त्याचे चरित्र आपल्या नंदुरबाराकडील खेड्यापाड्यांतील पुष्कळ मंडळींस नीटसे ठाऊक नाही. ते पुरुष म्हणजे पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे होत.

ते ख्रिस्ती नव्हते. शुभवर्तमान त्यांच्या कानी पडले होते असेही नाही. तरी ज्या प्रेषिताने परराष्ट्रीयांच्या अंतःकरणात लिहिलेल्या नियमशास्त्राविषयी शिकविले, त्याच्या शिकवणीप्रमाणे पाहता अशा मनुष्याचे चरित्र वाचण्यास आपण लाजू नये. उलट, ज्यांना अधिक प्रकाश मिळाला आहे त्यांनी कमी प्रकाशात चाललेल्याची चाल पाहून आपली चाल तपासावी हे योग्य आहे.

रामशास्त्र्यांचा जन्म अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा शहराजवळील माहुली गावी झाला. हे गाव कृष्णा व वेण्णा ह्या नद्यांच्या संगमावर वसले आहे. घराणे ब्राह्मणाचे, पण गरिबीचे. त्यांच्या बाळपणाची जी हकिगत लोक सांगत आले आहेत ती अशी की, साताऱ्यास अनगळ नावाच्या सावकाराच्या घरी ते पाणक्या म्हणून चाकरीस होते, आणि वयाची वीस वर्षे होत आली तरी त्यांस अक्षरओळख नव्हती. एके दिवशी धन्याच्या पायांवर पाणी घालीत असता त्यांची दृष्टी धन्याच्या कानांतील भिकबाळीवर खिळली, आणि पाणी भलतीकडेच पडू लागले. तेव्हा असली रत्ने विद्येने किंवा पराक्रमाने मिळत असतात, नुसते पाहत राहिल्याने मिळत नाहीत, अशा अर्थाचे शब्द सावकाराने त्यांस ऐकविले. ते शब्द मुलाच्या मनाला लागले. त्यांनी चाकरी सोडली, पायी काशीची वाट धरली, आणि तेथे आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बसून मुळाक्षरांपासून आरंभ केला. ह्या कथेतील बारीकसारीक गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात थोड्याफार बदलल्या असतील. परंतु ते काशीस शिकले व मोठे धर्मशास्त्री होऊन परत आले ही गोष्ट इतिहासात नमूद आहे. आपल्या गावांत मोठ्या वयात वाचावयास शिकणारे जे बंधू व भगिनी आहेत, त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे की, महाराष्ट्राचा सर्वांत नावाजलेला न्यायाधीश हा उशिरा शिकलेला मनुष्य होता.

काशीहून आल्यावर त्यांस पेशव्यांच्या दरबारी काम मिळाले. त्यांनी ते मागितले नव्हते. १७५९ साली त्यांची पुण्यास मुख्य न्यायाधीशाच्या जागी नेमणूक झाली. त्या काळची न्यायाची रीत आजच्याहून निराळी होती. गावचा तंटा आधी पाटील व पंच यांच्यापुढे चाले, आणि तेथे समाधान न झाल्यास तो वर जाई. वादी व प्रतिवादी यांजकडून निवाडा मान्य करण्याविषयी आधीच लेख घेत. त्या लेखास तेव्हा राजीनामा म्हणत, कारण दोघेही राजी आहेत असा त्याचा अर्थ होता. मग जामीन घेत, कागदपत्र पाहत, साक्षीदार तपाशीत, आणि शेवटी निवाडपत्र करून देत. जिंकणाऱ्याने सरकारास हरकी द्यावी आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी द्यावी असा दंडक होता. जेथे दोन्ही बाजूंचा पैसा सरकारात येतो तेथे मधल्यामध्ये हात ओले करून घेणारे किती असतील हे सांगावयास नको. अशा जागेवर रामशास्त्री जवळजवळ तीस वर्षांच्या काळात राहिले, मध्यंतरी एकदा ती जागा त्यांनी आपण होऊन सोडली, आणि त्यांच्यावर लाच घेतल्याचा ठपका कोणी ठेवू शकला नाही.

साताऱ्यास कारभार पाहिलेला इंग्रज अधिकारी ग्रँट डफ याने मराठ्यांचा इतिहास लिहून १८२६ साली प्रसिद्ध केला. रामशास्त्र्यांस पाहिलेले लोक त्या वेळी अजून हयात होते. त्याने लिहून ठेविले आहे की, एका दिवसास पुरेल त्याहून अधिक शिधा शास्त्रीबोवा घरात ठेवीत नसत, आणि कोणाकडून भेटवस्तू घेत नसत. वाचकहो, याचे कारण नीट ध्यानात घ्या. हा निव्वळ वैराग्याचा देखावा नव्हता. ज्याच्या घरात उद्याची भीती नाही त्याला आजच्या निकालासाठी कोणी विकत घेऊ शकत नाही. ज्याला पुष्कळ सांभाळावयाचे असते त्याला पुष्कळांस सांभाळून घ्यावे लागते. रोजच्या भाकरीपुरते मागावे असे आपल्या प्रभूने आपणांस शिकविले, त्यात इतर पुष्कळ अर्थांबरोबर हाही एक अर्थ आहे.

त्यांच्या पत्नीविषयीही एक आठवण सांगतात. एकदा त्या पेशव्यांच्या वाड्यात गेल्या असता, न्यायाधीशाच्या बायकोने इतक्या साध्या वस्त्रांत असावे हे पेशव्यांच्या कुटुंबास बरे वाटले नाही, म्हणून त्यांनी तिला भारी लुगडे नेसवून, दागिने घालून पालखीतून घरी पाठविले. रामशास्त्र्यांनी दारातच पालखी थांबविली, आणि ही सरदाराघरची बाई चुकून गरीब शास्त्र्याच्या दारी आली असावी, असे दाखवून तिला आत घेतले नाही. तेव्हा बाई समजल्या. त्या परत गेल्या, अंगावरचे सर्व वाड्यात उतरवून ठेविले, आणि आपल्या जुन्या लुगड्याने पायी घरी आल्या. आजच्या वाचकास हे पत्नीशी थोडे कठोर वर्तन वाटेल, आणि ते वाटणे गैर नाही. परंतु लाच बहुधा पुढच्या दाराने येत नाही, ती मागच्या दाराने, बायकामुलांच्या हातांवर प्रेमाची भेट म्हणून ठेविली जाते, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरी आठवण श्रावणातल्या दक्षिणेची. पुण्यास दर वर्षी श्रावणमासी विद्वानांची परीक्षा घेऊन दक्षिणा वाटीत, व ते काम रामशास्त्र्यांकडे होते. एके वर्षी त्यांचा सख्खा भाऊ दक्षिणेस आला. शेजारी बसलेल्या नाना फडणविसांनी, शास्त्रीबोवांचा मान राखावा म्हणून, त्यास वीस रुपये द्यावे असे सुचविले. रामशास्त्र्यांनी त्याच्या विद्येस साजतील तेवढे दोनच रुपये दिले. भावाचे नाते आपल्या घरी पाळावे, सरकारी थैलीतून पाळू नये, असा त्यांचा अभिप्राय होता. मंडळीची पेटी, शाळेचे धान्य, बचत गटाचा पैसा किंवा ग्रामपंचायतीचे काम ज्यांच्या हाती आहे, त्यांस ह्या दोन रुपयांची गोष्ट पुष्कळ उपदेशांहून अधिक उपयोगी पडेल.

१७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा मोठा संहार झाला, आणि त्याच वर्षी माधवराव हे अवघ्या सोळा वर्षांच्या वयात पेशवे झाले. तरुण पेशवा देवभक्त होता. तो जपतपात इतका वेळ घालवू लागला की राज्याची कामे पडून राहू लागली. एके दिवशी रामशास्त्री कामानिमित्त गेले असता पेशवे मौन धरून जपास बसलेले त्यांनी पाहिले. ते तसेच परतले, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन काशीस जाण्याची परवानगी मागू लागले. पेशव्यांनी आपल्या वागण्याबद्दल कारण सांगितले. तेव्हा शास्त्रीबोवांनी त्यांस स्पष्टपणे समजाविले की, ब्राह्मणाचे जपतपच करावयाचे असेल तर गादी सोडून गंगेच्या काठी जाऊन बसावे. परंतु गादीवर बसावयाचे असेल तर रयतेचे गाऱ्हाणे ऐकणे हीच तुमची उपासना होय. माधवरावांनी राग मानिला नाही. त्या दिवसापासून त्यांनी आपला क्रम बदलला. पुढे ह्याच पेशव्याने गोरगरिबांस वेठीस धरण्याची चाल बंद केली, आणि आपल्याच अंमलदारांनी हुकूम मोडला असता त्यांस दंड केला, असे ग्रँट डफ लिहितो. वेठ म्हणजे काय हे आपल्या आजोबा-पणजोबांस पक्के ठाऊक होते. डोक्यावर साहेबाचे किंवा सावकाराचे ओझे, पोटात अन्न नाही, आणि मजुरीचा पैसा नाही. त्या वेठीविरुद्ध एका राज्यकर्त्याचे मन तयार होण्यात ह्या सरळ शब्दांच्या न्यायाधीशाचा सहवास उपयोगी पडला असला पाहिजे, असे मानण्यास जागा आहे.

आता त्यांच्या आयुष्यातील मोठ्या कसोटीकडे वळू. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव पेशवे क्षयरोगाने थेऊर येथे वारले. त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव गादीवर बसला. तो सतरा वर्षांचा होता. त्याचा चुलता रघुनाथराव हा मोठा योद्धा होता. १७५८ साली मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत गेले ते त्याच्याच मोहिमेत. परंतु गादीचा लोभ त्याच्या मनातून गेला नव्हता, आणि म्हणून त्यास शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेविले होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सव चालू असता, भर दुपारी सुमेरसिंग गारदी व त्याचे शिपाई थकलेल्या पगाराचे निमित्त करून वाड्यात घुसले. नारायणराव जीव घेऊन धावला तो चुलत्याच्याच दालनात गेला, आणि त्याच्या कमरेस मिठी मारून प्राणांची भीक मागू लागला. त्यास वाचविण्यासाठी त्याच्या अंगावर पडलेला चाफाजी टिळेकर हा इमानी चाकरही त्याच्याबरोबर कापला गेला. जेथे मुलाने आश्रय शोधला तेथेच त्याचा घात झाला.

दुसऱ्या दिवसापासून रघुनाथरावाचा अंमल सुरू झाला. पुढे साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रेही त्यास मिळाली. पुण्यातील मोठमोठे मुत्सद्दी गप्प राहिले. काही भीतीने, काही संधीची वाट पाहत. खून कोणी केला हे सर्वांस दिसत होते, परंतु करविला कोणी हे विचारण्याची कोणाची छाती होईना. ते विचारणे ज्याचे काम होते त्याने मात्र ते विचारले. रामशास्त्र्यांनी सुमारे सहा आठवडे शांतपणे चौकशी केली. त्या चौकशीत रघुनाथरावाने गारद्यांस दिलेल्या लेखाचा शोध लागला. त्या लेखात नारायणरावास धरावे असे मूळ अक्षर होते, आणि ते बदलून मारावे असे केलेले होते, अशी हकिगत पुढे आली. आपल्या भाषेत ध चा मा करणे ही म्हण ह्यातूनच निघाली. तो बदल रघुनाथरावाची बायको आनंदीबाई हिने केला असे लोक म्हणत आले, परंतु तिच्याविरुद्ध निर्णायक पुरावा पुढे आलेला नाही, म्हणून आपणही न्यायाधीशाच्या चरित्रात पुराव्यावाचून कोणास दोष देऊ नये.

चौकशी पुरी झाल्यावर रामशास्त्री रघुनाथरावापुढे गेले आणि पुतण्याच्या खुनाचा आरोप त्यांनी त्याच्या तोंडावर ठेविला. धरण्याचा हुकूम आपण दिला, मारण्याचा दिला नाही, असे रघुनाथरावाने कबूल केले, आणि ह्या पापास प्रायश्चित्त काय ते विचारले. त्याची अपेक्षा अशी असावी की, काही दाने, काही स्नाने, काही ब्राह्मणभोजने सांगितली जातील आणि प्रकरण मिटेल. शास्त्र्यांनी त्यास सांगितले की, ह्या पापास देहान्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही. आणि जोपर्यंत त्याचा अंमल आहे तोपर्यंत आपण त्याची चाकरी करणार नाही व पुण्यात पाऊल ठेवणार नाही. एवढे बोलून ते निघाले, आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

येथे थोडे थांबून विचार करू. रामशास्त्र्यांच्या हाती फौज नव्हती. रघुनाथरावास कैद करणारा शिपाई त्यांच्या पदरी नव्हता. त्यांनी दिलेला निकाल त्या दिवशी अंमलात आला नाही, आणि पुढेही कोणत्याच न्यायासनापुढे रघुनाथरावावर खटला चालला नाही. मग त्यांनी काय साधले? एवढेच की, खून हा खूनच आहे हे खून करविणाऱ्यास ऐकावे लागले. ज्या दिवशी सगळे पुणे मुके होते त्या दिवशी सत्य बोलले गेले. मनुष्याचे काम सत्य सांगणे व आपला हात स्वच्छ ठेवणे एवढे आहे. निकाल बजावण्याचे काम त्याच्या हाती असेलच असे नाही. जे त्याच्या हाती नाही ते देवाच्या हाती आहे, असा ज्यास भरवसा नाही, तो एकतर गप्प बसतो, किंवा सूड घ्यावयास निघतो. रामशास्त्र्यांनी दोन्ही केले नाही. ते बोलले, आणि खेड्यात जाऊन शांतपणे राहिले.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. नारायणरावाची बायको गंगाबाई त्या वेळी गरोदर होती. नाना फडणवीस, सखारामबापू इत्यादि कारभाऱ्यांनी एकत्र येऊन तिला पुरंदर किल्ल्यावर नेले. ह्या मंडळास बारभाई म्हणतात. १८ एप्रिल १७७४ रोजी तिला मुलगा झाला, आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळास, सवाई माधवरावास, पेशवाईची वस्त्रे देण्यात आली. रघुनाथराव बऱ्हाणपुराकडे व तेथून पुढे गुजरातेत गेला, आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेस इंग्रजांशी तह करून त्यांच्या आश्रयास राहिला. त्याच्या एकट्याच्या लोभापायी मराठे व इंग्रज यांच्यात सात वर्षे युद्ध रखडले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी त्याचा पक्ष सोडला. त्यास नेमणूक बांधून देण्यात आली, आणि गोदावरीकाठी कोपरगाव येथे राहत असता डिसेंबर १७८३ मध्ये तो वारला. ज्या गादीसाठी पुतण्याचा जीव गेला ती गादी त्यास काही महिन्यांपलीकडे भोगता आली नाही. रामशास्त्र्यांस बारभाईंनी पुन्हा बोलाविले, आणि रघुनाथरावाचा अंमल उठला असल्यामुळे ते आले. पुढे ऑक्टोबर १७८९ मध्ये मरण पावेपर्यंत ते त्याच न्यायासनावर होते.

गोष्ट येथे संपविली तर ती फार सोपी होईल. पाप्यास शिक्षा झाली, सज्जनास मान मिळाला, असे म्हणून आपण समाधानाने पान उलटू. परंतु इतिहास असा थांबत नाही, आणि खरे बोलणाऱ्या मनुष्याचे चरित्र सांगताना आपणही पुढचे लपवू नये. ज्या निरपराध बाळासाठी एवढे सर्व झाले तो सवाई माधवराव १७९५ साली, एकविसाव्या वर्षी, शनिवारवाड्याच्या सज्जावरून खाली पडून दुखावला व मेला. त्यास मूल नव्हते. मग १७९६ साली गादीवर कोण आला? त्याच रघुनाथरावाचा मुलगा दुसरा बाजीराव. ज्याच्यासाठी खून झाला त्याच्याच वंशात गादी गेली. रामशास्त्री जिवंत असते तर त्यांनी हे कसे पाहिले असते?

त्या काळात न्यायाचे काय झाले हेही पाहा. रामशास्त्र्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १७९१ मध्ये, पुण्याच्या घाशीराम कोतवालाच्या कोठडीत कोंडलेली परगावची माणसे गुदमरून मेली, आणि खवळलेल्या लोकांनी कोतवालास दगडांनी ठार केले. न्यायासन दुर्बळ झाले म्हणजे प्रथम कोठडीत माणसे मरतात, मग रस्त्यावर. आणि ह्याहून भयंकर गोष्ट आपल्या खानदेशाच्या लोकांची आहे. होळकरांच्या स्वाऱ्या आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी आपला मुलूख उजाड झाला, तेव्हा डोंगरातील भिल्ल लोकांस वठणीवर आणण्याच्या नावाखाली पेशव्यांचा अंमलदार बाळाजी लक्ष्मण याने १८०४ साली पुष्कळ भिल्लांस विश्वासाने कोपरगाव येथे बोलाविले, आणि दगा देऊन, मारून विहिरींत टाकिले. कोपरगाव तेच, जेथे एकवीस वर्षांपूर्वी रघुनाथराव मेला होता. एका राजपुत्राच्या खुनासाठी सहा आठवडे चौकशी झाली. ह्या गरिबांच्या खुनासाठी त्या दरबारी कोणी न्यायाधीश उभा राहिला नाही. खरे पाहता रामशास्त्र्यांच्या काळीही जातीजातींस निरनिराळे माप होते, आणि डोंगरातील मनुष्यास पुण्याच्या न्यायासनाची पायरी फार दूर होती. एक मनुष्य कितीही सरळ असला तरी त्याच्याने सगळ्या राज्याचे माप सरळ होत नाही.

म्हणून देवाचा न्याय ह्या शब्दांचा अर्थ आपण जपून केला पाहिजे. दुष्टाचे घर पडले की देवाने शिक्षा केली, आणि आपल्या घरी दुखणे आले की देव कोपला, असे गावात लोक झटकन बोलतात. ईयोबाचे मित्र असेच बोलले, आणि देवाने त्यांनाच चुकीचे ठरविले. शिलोहाचा बुरूज पडून जे मेले ते इतरांहून अधिक पापी नव्हते असे प्रभूने स्वतः शिकविले. सवाई माधवराव पडला ते त्याच्या पापाने नव्हे, आणि दुसरा बाजीराव गादीवर बसला तो त्याच्या बापाच्या पुण्याने नव्हे. त्या बाजीरावाची गादीही १८१८ साली गेली, परंतु तेवढ्यावरून सर्व हिशेब फिटला असे म्हणण्याचा आपणांस अधिकार नाही. कोपरगावच्या विहिरींचा हिशेब ह्या जगातील कोणत्याही तहाने फिटला नाही. तो अजून उघडाच आहे, आणि ज्या न्यायासनापुढे राजा व भिल्ल एका ओळीत उभे राहतील तेथेच तो मिटेल. त्या दिवसावर विश्वास ठेवणे म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हे. त्या दिवसावर विश्वास आहे म्हणूनच आज खरे बोलता येते. कारण खऱ्याचा शेवट आजच्या निकालावर लटकलेला नाही.

आता, बंधूंनो, आपल्या घराकडे वळू. आपल्यापैकी कोणी न्यायाधीश नाही. परंतु आपणांपैकी कित्येक पंचांत बसतात, कित्येक ग्रामसभेत हात वर करतात, कित्येक साक्षीवर सही किंवा अंगठा करतात. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि अक्राणीच्या डोंगरात वनहक्काचे दावे चालले आहेत. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होता काय, याविषयी गावातील वृद्धांचा जबाब कायद्याने पुरावा म्हणून धरला जातो. तो जबाब म्हणजे न्यायासनच होय. खऱ्या कसणाऱ्याचे नाव, तो आपल्या मंडळीचा नाही किंवा त्याचे आपले वैर आहे म्हणून, आपण गाळले, अथवा आपल्या साडूचे नाव, तो काल आला असताही, घातले, तर आपणही एक अक्षर बदलले. ध चा मा करावयास वाडा लागत नाही, शाईची एक रेघ पुरते.

दुसरी गोष्ट याहून कठीण आहे. आपल्या भागात कोणाचे मूल दगावले, कोणाचे ढोर मेले, की भगताकडे जाऊन डाकीण कोण ते विचारावे, आणि एखाद्या विधवेवर किंवा म्हाताऱ्या बाईवर बोट ठेवावे, ही चाल अजून समूळ गेलेली नाही. जुन्या काळी पुरावा नसला म्हणजे उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढावयास लावीत, हात भाजला नाही तर तो खरा. यास दिव्य म्हणत. लोकांस वाटे की अशा रीतीने आपण देवाकडून न्याय मागतो. वास्तविक ते देवाला कढईत उत्तर द्यावयास लावीत होते. भगताचे दाणे आणि ती कढई ह्यांत भेद नाही. २०१३ साली महाराष्ट्र सरकारने असल्या अघोरी चालींविरुद्ध कायदा केला आहे, आणि कोणा बाईस डाकीण ठरवून छळणे हा गुन्हा आहे. परंतु कायदा तालुक्याच्या गावी असतो, आणि बाई असते पाड्यावर. मध्यंतरी रात्रीचे दोन प्रहर असतात. त्या दोन प्रहरांत पंचांमध्ये उभे राहून, हिच्याविरुद्ध पुरावा काय, असे विचारणारा एक मनुष्य हवा असतो.

असे विचारणे सोपे नाही हे मी जाणतो. विचारणाराच डाकिणीचा साथी ठरतो. त्याचे पाणी बंद होते, त्याच्या लग्नकार्यास कोणी येत नाही, आणि कधी त्याच्या मंडळीतील लोकही त्यास थोडे दमाने घे म्हणून सांगतात. उपदेशक गावात नवा असला तर त्याची चाकरीच धोक्यात येते. रामशास्त्र्यांचीही गेली होती. त्यांस वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहता आले, कारण ज्याच्या घरी एका दिवसाचा शिधा असतो त्यास गाव सोडावयास फारसा वेळ लागत नाही. आपणही आपले सामान हलके ठेवावे. ज्या सावकाराचे, ज्या पुढाऱ्याचे, ज्या ठेकेदाराचे आपण देणे लागतो, त्याच्यापुढे आपली जीभ आपली राहत नाही. उसने घेतलेल्या पैशाच्या व्याजात मनुष्य आधी आपला शब्द देतो आणि मग आपले शेत. म्हणून काटकसर, कर्जमुक्ती आणि दारूपासून दूर राहणे ह्या गोष्टी आपल्या उपदेशात वारंवार येतात. त्या नुसत्या संसाराच्या सोयीच्या गोष्टी नव्हेत, खरे बोलण्याची ती पूर्वतयारी आहे.

रामशास्त्र्यांनी मागे धन ठेविले नाही. महाराष्ट्रात आजही कोणी निःपक्षपाती निवाडा केला तर लोक त्यास रामशास्त्री बाण्याचा म्हणतात. त्यांच्या नावाची एवढीच इस्टेट. परंतु आपल्या पाड्यावरच्या मनुष्यास ते नावही मिळणार नाही. पंचांत एकट्याने उभा राहून त्याने एका बाईचा जीव वाचविला तरी इतिहासकार ते लिहून ठेवणार नाही. कदाचित ती बाईही दुसऱ्या गावी निघून जाईल आणि त्याचे नाव विसरेल. त्याची साक्ष एकाच ठिकाणी नोंदलेली राहील, आणि त्या वहीतील अक्षर कोणास बदलता येत नाही. तेवढ्यावर भरवसा ठेवून, बंधुभगिनींनो, पुढच्या वेळी पंच बसतील तेव्हा आपण घरी आजाराचे निमित्त करून राहू नये, तर जावे. आणि विचारावे, पुरावा काय.